पुसल्या जाणाऱ्या खुणा

म्हैसूरला येऊन पंधरवडाही झाला नव्हता. देवराज मार्केटात फुलांच्या रांगेत एका बाईंकडून मल्लिगे घेतली, म्हणजे आपला मोगरा. इथे तो कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हातावर मोजून देतात. सोबत नागवेलीची पानं घेतली. किती झाले विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘‘ऐवत्तेरडु.’’ ऐदु म्हणजे पाच आणि एरडु म्हणजे दोन, एवढं कन्नड मिरजेत वाढलेल्या माणसाच्या कानावर पडलेलं असतंच. आधी पाच ऐकू आले, मग दोन. मी मोठ्या आत्मविश्वासाने पंचवीस रुपये पुढे केले. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी निम्म्यात सौदा तोडतोय असं त्यांना वाटलं असणार. शेवटी त्यांनी एका हाताची पाच बोटं दाखवली, मूठ मिटली आणि दोन बोटं दाखवली. बावन्न!

आकडे त्यांनी बरोबर सांगितले होते आणि मीही ते बरोबर ऐकले होते. चुकला तो क्रम. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, वीस नंतर. कन्नडात दशक आधी: इप्पत्तैदु, वीस आणि पाच. या क्रमाबद्दल बाई काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही, कारण आपापल्या घरात तो कुणालाच सांगावा लागत नाही.

2019च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात याच क्रमावरून केवढा गदारोळ झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावन्न यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘पन्नास दोन’ असं वाचन आलं. विधानसभेत विनोद झाले, दूरचित्रवाणीवर भाषा बुडाल्याच्या बातम्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मूल ‘बावन्न’ ऐकतं तेव्हा आधी दोन ऐकतं आणि लिहिताना आधी पाच लिहावे लागतात, त्यात पुष्कळ मुलं अडखळतात. मला त्या वादात कुठलीच बाजू घ्यायची नाही. बावन्न हा शब्द मला प्रिय आहे आणि पन्नास दोनमध्ये पापही नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या बोलण्यातून निसटली. दोन्ही क्रम आपापल्या घरी निर्धोक असतात. घोळ होतो तो एका घरातली संख्या दुसऱ्या घरात जाते आणि तिच्या अंगावर ‘मी कुठल्या घरची’ हे लिहिलेलं नसतं तेव्हा.

संगणकाच्या पोटात हा घोळ सेकंदाला लाखो वेळा होऊ शकतो. दोन बाइटांची संख्या साठवताना मोठा भाग आधी ठेवायचा की लहान, याची दोन घराणी आहेत. इंटेलचे प्रोसेसर लहान भाग आधी ठेवतात, मराठी बोलण्यासारखा. इंटरनेटवरून जाणाऱ्या पाकिटांच्या मथळ्यात मोठा भाग आधी असतो, कन्नडासारखा. संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी 1980 साली या भांडणाला ‘गलिव्हर’च्या गोष्टीतल्या अंड्याच्या भांडणावरून नावं दिली, बिग एंडियन आणि लिटल एंडियन. अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावर तिथे लढाया होतात. वेब सर्व्हरचा पोर्ट क्रमांक 80 असतो. पाकिटातल्या दोन बाइटांत तो असा बसतो: शून्य, 80. हेच दोन बाइट उलटे वाचले की 80 गुणिले 256, म्हणजे 20480. यंत्र तक्रार करत नाही, कारण 20480 हाही रीतसर पोर्ट क्रमांक आहे.

या 20480ने माझे तीन दिवस खाल्ले आहेत. एका नोकरीत आमच्याकडे नेटवर्कची पाकिटं गाळणारा एक ड्रायव्हर होता. 80 क्रमांकाच्या पोर्टवरची पाकिटं त्याने अडवायची होती. तो एकही पाकीट अडवत नव्हता. कोसळत नव्हता, चूकही दाखवत नव्हता. पहिल्या फंक्शनमध्ये पोर्टचा आकडा पाकिटातल्या क्रमाने होता, तिसऱ्यात तो यंत्राच्या क्रमाने आहे असं धरलं होतं. दोन्हीकडे नाव एकच, ‘पोर्ट’. टाइपही एकच, सोळा बिटांचा बिनचिन्ह पूर्णांक. लिहिणारा माणूस अडाणी नव्हता. त्याला बाइटक्रमाचं सगळं ठाऊक होतं, पण ते त्याच्या डोक्यात होतं आणि तो तोवर दुसऱ्या विभागात गेला होता.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे हार्डवेअर आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसलेल्या त्या सर्वाधिकारी गाभ्यात, यावर एक साधा उपाय केलेला आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2003 साली ‘स्पार्स’ नावाचा एक तपासनीस लिहायला घेतला. सिमँटिक पार्सर या शब्दांवरून आलेलं हे नाव. तो प्रोग्रॅम चालवत नाही, नुसता वाचतो आणि वाचताना टाइपवर केलेल्या खुणा तपासतो. पाकिटातल्या पोर्टला ‘हा बिग एंडियन सोळा बिट’ अशी खूण केलेली असेल आणि कुणी त्याची साध्या 80शी तुलना केली, तर स्पार्स तिथेच बोट ठेवतो. आधी बदलून घे, मग तुलना कर. माझे तीन दिवस तीन सेकंदांत आटोपले असते.

गंमत अशी की ही खूण अंतिम प्रोग्रॅममध्ये उतरत नाही. जीसीसी कंपायलर नेहमीसारखी बांधणी करतो तेव्हा तिच्या जागी काहीच नसतं. खूण म्हणजे एक मॅक्रो, आणि तो इथे रिकामा असतो. तो फक्त स्पार्ससमोर भरलेला असतो. खूण लिहिल्याने यंत्रासाठी एक बाइटही वाढत नाही आणि एका सूचनेचाही उशीर होत नाही.

पाणिनीची आठवण इथे टाळता येत नाही. व्याकरणाच्या तासाला आपण ‘क्त’ प्रत्यय शिकलो. त्यातला ‘क्’ कुठल्याच शब्दात दिसत नाही, उरतो तो ‘त’. मग तो लावलाच कशाला? तर गुण होऊ नये म्हणून. कृ धातूला क्त लागला की ‘कृत’ होतं आणि तृच् लागला की ‘कर्ता’. तसंच श्रुत आणि श्रोता, जित आणि जेता. ते न दिसणारं अक्षर, ज्याला वैयाकरण ‘इत्’ किंवा अनुबंध म्हणतात, नियमांना काय करायचं आणि काय नाही ते सांगतं आणि निघून जातं. अर्थात उपमा ताणायला नको. पाणिनीचा क् गेला तरी त्याचा परिणाम शब्दात राहतो. स्पार्सची खूण प्रोग्रॅमच्या वागण्यात काहीही बदल करत नाही, ती फक्त भांडण लावून देते. तरी ज्यांना कोडमधल्या खुणा हा परदेशी सोस वाटतो, त्यांनी आपल्याच शाळेचं पुस्तक एकदा उघडून पाहावं.

कर्नेलमधली सर्वांत महत्त्वाची खूण मात्र बाइटक्रमाची नाही. ती आहे ‘यूजर’, आधी दोन अधोरेषा लावून लिहितात ती. एखादा प्रोग्रॅम कर्नेलला म्हणतो, ‘या फाइलमधलं एवढं वाचून मला अमुक पत्त्यावर आणून दे.’ तो पत्ता प्रोग्रॅमने दिलेला असतो. तो खोटा असू शकतो. तिथली मेमरी डिस्कवर हलवलेली असू शकते. आणि डाव असेल तर तो पत्ता कर्नेलच्याच पोटातला असू शकतो, म्हणजे चोराने पाकीट पोचवायला सांगून पत्ता तिजोरीचा द्यावा तसं. म्हणून अशा पत्त्यावर कर्नेलने थेट हात घालायचा नाही. ‘कॉपी फ्रॉम यूजर’, ‘कॉपी टू यूजर’ अशी ठरलेली फंक्शन्स आहेत, ती पत्ता हद्दीत आहे का पाहतात आणि मधेच अडखळलं तर सावरून घेतात.

पण एखाद्याने थेट हात घातलाच तर काय होतं? बहुतेक वेळा काहीच होत नाही. चालतं! नेहमीच्या पीसीवर कर्नेल आणि प्रोग्रॅम यांचे पत्ते एकाच नकाशात असत, त्यामुळे चाचणी पास होई आणि पॅच आत जाई. तोच कोड आयबीएमच्या एस-390 किंवा स्पार्क-64 यंत्रावर नेला की तो पत्ता भलत्याच मेमरीचा निघे, कारण तिथे दोघांचे नकाशे वेगळे. आणि एखाद्या हल्लेखोराच्या हाती लागला की विचारूच नका. बर्कली विद्यापीठातल्या रॉब जॉन्सन आणि डेव्हिड वॅग्नर यांनी 2004 साली अशाच टाइपच्या खुणांच्या आधारे लिनक्सच्या 2.4 मालिकेचा कोड तपासला, तेव्हा हल्ल्याला वाट देणारी 17 भोकं सापडली. तो कोड आधी अनेक जाणत्या डोळ्यांखालून गेलेला होता.

यावर जुन्या सी लिहिणाऱ्यांचा आक्षेप मी इथल्या कँटीनमध्ये अनेकदा ऐकला आहे. खुणांनी कोड बरबटतो. ज्याला कळतं त्याला खूण लागत नाही, ज्याला कळत नाही त्याने कर्नेलला हात लावू नये. चांगलं नाव द्या, वर एक कॉमेंट लिहा, झालं. मीही काही वर्षं असंच बोलत असे. पण नाव आणि कॉमेंट कुणीच तपासत नाही. कोड बदलतो आणि कॉमेंट तशीच राहते, दुकान उठून गेल्यावर राहिलेल्या पाटीसारखी. टाइपवरची खूण खोटी झाली की तपासनीस बोंब मारतो. शिवाय कर्नेलचा कोड आता तीन कोटी ओळींच्या पलीकडे आहे. एवढं सगळं ‘ज्याला कळतं’ असा माणूस अजून जन्मायचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2014 साली इंटेलच्या प्रोसेसरमध्येच अशी सोय आली की कर्नेलने परवानगी न घेता प्रोग्रॅमच्या मेमरीला हात लावला तर हार्डवेअर त्याला जागच्या जागी अडवतं. मग खूण कशाला? कारण हार्डवेअर पकडतं ते धावत्या यंत्रात, त्या वेळी जी वाट चालली गेली तेवढ्यापुरतं, आणि बहुधा गिऱ्हाइकाच्या घरी. ड्रायव्हरमधल्या चुका हाताळणाऱ्या वाटा वर्षानुवर्षं कुणी तुडवत नाही. खूण मात्र न चाललेल्या वाटाही वाचते. तेही तुमच्या टेबलावर, चहा निवायच्या आत.

तपासनिसाशिवाय मात्र खुणेला अर्थ नाही. हे मला म्हैसूरच्याच एका मालामुळे नीट कळलं. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई इथल्या म्हैसूर पेंट्स अँड वार्निश या कारखान्यात होते. कारखाना 1937चा, नाल्वडी कृष्णराज वाडियार यांच्या काळातला, आणि ही शाई 1962च्या निवडणुकीपासूनची. शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, उजेडात ते काळं पडतं आणि कितीही घासलं तरी दिवसचे दिवस निघत नाही. तुम्ही मत कुणाला दिलं हे ती सांगत नाही. ‘याचं झालं’ एवढी एकच गोष्ट सांगते. आता कल्पना करा, शाई उत्तम लावली आहे पण केंद्रावर कुणी बोट बघतच नाही. मग ती शाई म्हणजे नुसता डाग. आपल्याकडे पुष्कळ ड्रायव्हर असे डागाळलेले आहेत. जुन्या फाइलमधून खुणा नक्कल करून आणलेल्या, स्पार्स मात्र एकदाही चालवलेला नाही. मी तर म्हणेन, खूण नसलेला कोड बरा. त्यात निदान वाचणारा सावध असतो.

आणि तपासनीस आहे म्हणून डोळे मिटून बसणं, तेही नको. 2017 साली लिनक्सच्या 4.13 आवृत्तीत ‘वेटआयडी’ या सिस्टिम कॉलमध्ये एक भलं मोठं भोक राहिलं. वेग वाढवण्यासाठी लिहिण्याची पद्धत बदलली आणि पत्ता हद्दीत आहे का हे पाहणारी ओळ राहून गेली. साधा प्रोग्रॅम कर्नेलच्या मेमरीत लिहू शकत होता. पत्ता धरणाऱ्या त्या पॉइंटरवर ‘यूजर’ची खूण होती का? होती, अगदी ठळक. स्पार्सला आक्षेप घ्यायला जागाच नव्हती, कारण वापरलेलं फंक्शनही यूजरचाच पत्ता घेणारं होतं. पत्ता कुणाचा हे खुणेने सांगितलं. तो तपासला का, हे सांगणं तिच्या कामातच नव्हतं. दोघांनी एकाच वेळी एकाच माहितीला हात घालू नये म्हणून कर्नेलमध्ये जी कुलपं असतात, त्यांच्या खुणांचंही थोडंफार असंच. फंक्शन कुलूप घेऊन बाहेर पडतं की सोडून, हे लिहिण्याची सोय स्पार्ससाठी केली होती, पण अटीवर घेतलेल्या कुलपांपुढे तो इतका गोंधळे की लोकांनी त्याच्या वॉर्निंगकडे बघणं सोडलं.

वॉर्निंग बंद करण्याची एक अधिकृत वाटही आहे, तिचं नाव ‘फोर्स’. ही खूण लावली की तपासनीस गप्प बसतो. माझ्या मते स्पार्समधली ही सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे आणि सर्वांत जास्त दुरुपयोग झालेलीही. प्रामाणिक अशासाठी की ‘इथे मी नियम मोडतोय आणि मला ते ठाऊक आहे’ असं लिहिणारा सहीनिशी सांगतो. दुरुपयोग असा की संध्याकाळी पॅच पाठवायचा असतो, एक वॉर्निंग उरते, नवखा मुलगा फोर्स लावून मोकळा होतो. कुणाचाही पॅच तपासायला घेतला की मी आधी नव्याने लावलेले फोर्स मोजतो. दोनपेक्षा जास्त निघाले तर चहा मागवतो.

आता तरुण मंडळी म्हणतात, हे सगळं ठिगळकाम सोडा, रस्ट भाषेत लिहा. 2022च्या डिसेंबरात आलेल्या 6.1 आवृत्तीपासून रस्टला कर्नेलमध्ये जागा मिळाली आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण यूजरचा पत्ता आणि कर्नेलचा पत्ता यांतला भेद रस्टला जन्मतः कळत नाही, त्यासाठी तिथेही वेगळा टाइप मुद्दाम घडवावा लागला. भाषा बदलली तरी कुणाचा पत्ता कुठला हे कुणीतरी लिहायचं राहतंच. दुसरं म्हणजे, इथला जुना लाकडी राजवाडा 1897 साली राजकन्येच्या लग्नात जळाला म्हणून वास्तुविशारद हेन्री आयर्विन यांना नवा बांधता आला. तो 1912 साली पुरा झाला आणि आज तो बघायला जग येतं. कर्नेल जळालेला नाही. त्यात अब्जावधी यंत्रं राहतात, रोज, आत्ता. राहत्या घरात काम काढायचं तर एकेका खोलीला, एकेका दाराला हात लावावा लागतो. खुणांचा गुण हाच आहे. आज एका फाइलला लावा, उद्या दुसरीला, उरलेला कोड तसाच चालत राहतो.

शिवाय या पुसल्या जाणाऱ्या खुणा अलीकडे पुरत्या पुसल्या जात नाहीत. क्लँग कंपायलरने बांधणी केली आणि तशी सोय चालू ठेवली, तर ‘यूजर’ची खूण कर्नेलसोबत राहणाऱ्या टाइपांच्या नोंदीत उतरते आणि बीपीएफ प्रोग्रॅम, म्हणजे बाहेरून कर्नेलमध्ये घालता येणारे छोटे प्रोग्रॅम, आत घेताना त्यांची छाननी करणारा पहारेकरी ती वाचतो. 2003 साली वाचनापुरती लिहिलेली खूण जवळजवळ वीस वर्षांनी धावत्या यंत्रात कामाला आली. तेव्हा कुणी याचा हिशोब केला नसणार.

दरवर्षी दादरहून शरावती एक्स्प्रेसने सातारा, सांगली, मिरजेची मुलं म्हैसूरला उतरतात. इन्फोसिसचा इथला प्रशिक्षण परिसर मराठी घरांत आता गावाच्या नावासारखा उच्चारला जातो, ‘मुलगा म्हैसूरला आहे’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्यांतली काही मुलं पुढे एम्बेडेडच्या कामाला लागतात आणि माझ्यासारख्याशी गाठ पडते. हुशार असतात. मात्र आपल्या एकंदर शिक्षणाने त्यांना ‘चाललं का’ हा एकच प्रश्न शिकवलेला असतो. प्रोग्रॅम चालला, उत्तर आलं, मार्क मिळाले. ‘हा आकडा कुठल्या घरचा, हा पत्ता कुणी दिला’ हे विचारायची सवय कुणी लावलेली नसते. घोषणेची ओळ ती वाचतच नाहीत, थेट कंसाच्या आत उडी मारतात. मला मात्र अलीकडे घोषणेची ओळ हाच कोडचा खरा मजकूर वाटतो, बाकीची अंमलबजावणी. हे मत थोडं अतिरेकी आहे, ठाऊक आहे मला.

म्हणून त्या मुलांना, आणि ड्रायव्हरच्या कामात असलेल्या कुणालाही, एवढीच विनंती. आज निघण्याआधी आपल्या ड्रायव्हरच्या फोल्डरवर एकदा मेक चालवा आणि पुढे सी बरोबर दोन एवढं लिहा. एक लिहिलंत तर फक्त नव्याने बांधल्या जाणाऱ्या फाइली तपासल्या जातील, दोन लिहिलंत तर सगळ्या. वॉर्निंग येतील, पहिल्यांदा पुष्कळच येतील. त्यांतली सर्वांत वरची घ्या, तो पॉइंटर किंवा तो आकडा जिथून आला तिथपर्यंत मागे जा, आणि तिथे खूण करा. फोर्स लावू नका. दुसरी वॉर्निंग उद्या घ्या.